बूच घट्ट बसलं पाहिजे

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या घराघरांत एक काम ठरलेलं असतं. पापड, कुरडया, सुकट, मसाल्याच्या मिरच्या हे सगळं उन्हात खडखडीत वाळवायचं, डब्यांत भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा. एवढं करूनही एखादं झाकण सैल राहिलं, तर ते श्रावणात डबा उघडल्यावर कळतं. पापड सादळलेले असतात. वाळवण्याइतकंच झाकण्यालाही महत्त्व आहे, हे आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आज ज्या झाकणाविषयी मला बोलायचं आहे, ते फार लहान आहे. जुन्या आठ आण्याच्या नाण्याहूनही लहान. इंजेक्शनच्या बाटलीचं ते रबरी बूच. दवाखान्यात या बाटलीला व्हायल म्हणतात, आपण कुपी म्हणू. काही कुप्यांत औषध पातळ नसतं. तळाशी पांढरी, कापसासारखी हलकी वडी बसलेली असते. सिस्टर तिच्यात पाणी सोडते, कुपी तळहातांत फिरवते आणि विरघळलेलं औषध सिरिंजमध्ये ओढून घेते. गोवराची लस अशी असते, क्षयरोगाची बीसीजी लस अशी असते, कर्करोगावरची काही औषधं अशी असतात आणि आपल्याकडे सर्पदंशावरचं इंजेक्शनही बहुधा असंच मिळतं. ही वडी कशी तयार होते आणि तिच्यावरचं बूच कसं बसतं, याची ही गोष्ट आहे.

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि विज्ञानाची संगत दहावीनंतर सुटली ती सुटलीच. पण या कुपीशी माझी ओळख दोन ठिकाणी झाली. एकदा नायगावात आणि एकदा गावी.

काकूंची नजर

माझं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांबलचक कॉमन पॅसेज आणि दिवसभर उघडी दारं. अब्बा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंग्याबरोबर त्यांचं घरातून निघणं थांबलं. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर ज्या मोजक्या घरांत महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, त्यांत शेजारच्या काकूंचं घर होतं. त्या एका औषध कंपनीत होत्या. काम काय, तर बाटल्या बघायच्या.

मला हे काम फार सोपं वाटायचं. एकदा त्यांनी ते समजावून सांगितलं. समोर अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा, वर ट्यूबलाइट. एकेक बाटली दोन्ही पडद्यांपुढे धरायची. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर पांढरा धागा दिसतो. काचेला तडा आहे का, पूड नीट आहे का, बूच सरळ आहे का, हे सगळं काही सेकंदांत बघून बाटली एका बाजूला नाही तर दुसऱ्या बाजूला ठेवायची. दिवसभर तेच. मी विचारलं, "काकू, आतलं औषध चांगलं आहे की नाही ते कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "ते बघायला साहेब आहेत, बाळा. मी बूच बघते. बूच सैल असलं तर साहेबाने आत कितीही चांगलं घालू दे, उपयोग नाही."

ही सवय त्यांच्या हाताला इतकी लागली होती, की आमच्या घरी आल्या तरी बोलता बोलता मांडणीवरच्या डब्यांची झाकणं दाबून बघायच्या. अम्मी हसून म्हणायची, "ताई, ड्यूटी संपली ना!"

फुरसं

दुसरी ओळख १९९४ च्या ऑक्टोबरमधली. आमचं गाव राजापूर तालुक्यात. भातकापणीचे दिवस होते आणि चाचांना शेताच्या बांधावर फुरसं चावलं. कोकणातल्या माणसाला फुरसं काय ते सांगायला नको. हातभरही लांब नसलेला हा साप अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं.

आम्ही चाचांना एका लहानशा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवून दिलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. ही साधी चाचणी आजही देशभर केली जाते. डॉक्टरांनी कपाट उघडायला लावलं. आत बारा कुप्या होत्या.

एकेका कुपीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडलं गेलं. मग आम्हा दोघातिघांना त्या कुप्या तळहातांत धरून हळूहळू फिरवायला सांगितलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावत होते, "हलवू नका, फेस येतो. नुसती फिरवा." माणूस समोर पडलेला असताना कुपी हळूहळू फिरवत बसणं किती कठीण असतं, ते मी तेव्हा अनुभवलं.

त्या बारांतली एक कुपी डॉक्टरांनी पाणी घालण्याआधीच उजेडाकडे धरली. इतर कुप्यांत वडी पांढरी आणि फडफडीत होती. हिच्यात एक पिवळट, चिकट थर काचेला धरून बसला होता. बुचावरची अॅल्युमिनियमची टोपी बोटाने फिरवली तर फिरत होती. डॉक्टरांनी काही न बोलता ती कुपी बाजूला ठेवली. ती कुठल्या कारखान्यात भरली होती, ते मी पाहिलंही नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बाराच्या अकरा झाल्या.

चाचा वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीतलं रक्त गोठलं. पण त्या रात्री मला राहून राहून चाळीतल्या काकू आठवत होत्या. ती एक कुपी त्यांच्या हाताखालून गेली असती, तर ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नसती आणि तिच्या जागी दुसरी, चांगली कुपी असती.

औषध वाळवायचं कशाला?

सापाचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून तयार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्यांना अगदी थोड्या थोड्या मात्रेत टोचत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध केली की औषध झालं. आपल्याकडचा दंडक असा, की एक मिलिलिटर औषधाने नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे. मुंबईत हे औषध म्हटलं की परळच्या हाफकिनचं नाव येतं. १९७५ साली तिथलं संशोधन आणि उत्पादन वेगळं झालं आणि उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ आलं. त्याचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला.

ही प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. पाण्यात, उबेत ठेवली की ती हळूहळू बिघडतात. पातळ औषध २ ते ८ अंश तापमानातच ठेवावं लागतं. पण साप चावतो तो शेतात, आणि शेताजवळच्या दवाखान्यात वीज असेलच, फ्रीज चालू असेलच, याची खात्री कोण देणार? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली. त्यांच्यासाठी औषध कोरडं असणं ही चैन नाही. तीच प्रथिनं नीट वाळवली, तर औषध फ्रीजशिवायही थंड, कोरड्या जागी चार-पाच वर्षं टिकतं.

आता वाळवायचं कसं? पापडासारखं उन्हात ठेवता येत नाही. उष्णतेने प्रथिनाचं काय होतं, ते आपण रोज बघतो. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. तेव्हा उष्णता न देता पाणी काढायचं आहे. इथे ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या आठवा. त्या वितळत नाहीत, ओल्या होत नाहीत, पण महिन्याभराने लहान झालेल्या असतात. घनाची थेट वाफ होते. बर्फाचंही असं होऊ शकतं, फक्त त्यासाठी हवेचा दाब फार कमी करावा लागतो. आपल्या भोवतीच्या दाबाच्या सुमारे १६० व्या हिश्शाच्या खाली दाब गेला, की बर्फाचं पाणी होतच नाही, सरळ वाफ होते.

कारखान्यात हेच करतात. आधी औषध उणे ४० अंश किंवा त्याहूनही थंड करून गोठवतात. मग पंप लावून भोवतीची हवा जवळजवळ सगळी काढून घेतात. त्यानंतर कुप्या ज्या फळ्यांवर उभ्या असतात, त्या फळ्यांना अगदी बेताची ऊब देतात. बर्फ उडून जातो आणि त्याची वाफ शेजारच्या अतिथंड नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते. औषध मात्र जागच्या जागी राहतं. बर्फ होता तिथे पोकळी उरते, म्हणून ती वडी जाळीदार आणि हलकी असते. या कामाला एक दिवस लागतो, कधी तीन, कधी त्याहून अधिक. शेवटी पाण्याचा अंश साधारण एक ते तीन टक्के उरतो.

या पद्धतीला शास्त्रात ग्रीक शब्दावरून नाव मिळालं, लायोफिलायझेशन. कारखान्यात नुसतं 'लायो' म्हणतात. त्या नावाचा अर्थ साधारण 'द्रावाची ओढ असलेलं' असा होतो. जिच्यातलं पाणी थेंबन् थेंब काढून घेतलं, ती वस्तू पाण्यासाठी आसुसलेली असते. पाणी घातलं की ती झटकन विरघळावी, म्हणूनच हा खटाटोप. पण ही ओढ तिचा शत्रूही आहे. हवेतली ओल मिळाली, तरी ती तितक्याच झटकन पिऊन टाकते. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

अर्धवट लावलेलं बूच

विचार करा. कुपीतून वाफ बाहेर जायला हवी, म्हणून तोंड उघडं पाहिजे. पण वाळल्यावर ते तोंड उघडं असताना कुपी यंत्राबाहेर काढली, तर क्षणात ओल आत शिरणार, हवेतला जंतूही शिरणार. मग बूच लावायचं कधी, आणि कुणी? निर्वात पेटीत माणसाचा हात घालता येत नाही.

यावर काढलेली युक्ती साधी आहे. या बुचाला खाली पाय असतात, कधी दोन, कधी तीन. पायांच्या मध्ये खाच असते. औषध भरल्यावर बूच कुपीच्या तोंडात अर्धवटच बसवतात. पाय आत, डोकं वर, आणि खाचेतून वाफेला वाट मोकळी. अशा हजारो कुप्या एकावर एक असलेल्या फळ्यांवर उभ्या करून यंत्राचं दार बंद करतात. वाळवण पूर्ण झालं की दार न उघडता त्या फळ्याच एकमेकींवर दाबल्या जातात. वरच्या फळीचा तळ खालच्या कुप्यांच्या बुचांवर येतो आणि सगळी बुचं एका दमात आत जातात. खाच काचेच्या आत गेली की वाट बंद.

हे दाबण्याआधी आत काय ठेवायचं, तेही ठरवावं लागतं. काही औषधांसाठी पोकळीच राखतात. काहींसाठी कोरडा, निर्जंतुक नायट्रोजन सोडतात, कारण प्राणवायू औषधाला बाधतो. पुष्कळदा नायट्रोजन सोडूनही आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी ठेवतात. मग बाहेरची हवाच बूच दाबून धरते. अशा कुपीत सिस्टरने सुई टोचली की पाणी आपोआप आत ओढलं जातं. ते ओढलं गेलं, तर समजावं की कारखान्यातून निघाल्यापासून तिथे हवा शिरलेली नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात चुकायच्या जागा किती! बूच वरच्या फळीला चिकटून बसलं, तर फळी उचलताना कुपीही उचलली जाते. म्हणून बुचाला विशिष्ट लेप देतात. बूच रबराचं, त्याला अंगची उसळी असते. दाबून बसवलेलं बूच दार उघडल्यावर केसभर वर येतं. ते अडावं म्हणून काही कुप्यांच्या गळ्याला आतून कंगोरा ठेवलेला असतो आणि त्या मापाचं बूच तिथे अडकून राहतं.

आणखी एक गोष्ट वाचताना मला फार नवल वाटलं. बुचं वापरण्याआधी वाफेत निर्जंतुक करतात. त्या वाफेचं थोडं पाणी रबर स्वतःत मुरवून घेतं. बूच नीट वाळवलं नाही, तर हे पाणी पुढे महिनोन् महिने हळूहळू वडीत उतरत राहतं. बाहेरून ओल यायची गरजच नाही. राखणदारच घर फोडतो तसं हे. म्हणून नुसतं औषध वाळवून भागत नाही, बूचही तासन् तास गरम हवेत वाळवावं लागतं.

टोपी

यंत्रातून बाहेर आलेली कुपी बंद दिसते, पण ती अजून पुरती बंद मानत नाहीत. बूच नुसतं घट्ट बसलेलं असतं, ते कशाने बांधलेलं नसतं. बरणीवर झाकण ठेवलं, दादरा बांधायचा राहिला, अशी ही अवस्था. औषधनिर्मितीचे आजचे नियम सांगतात, की अॅल्युमिनियमची टोपी वळवून पक्की होईपर्यंत कुपी उघडीच समजायची आणि तोवर तिच्यावर गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत राहिला पाहिजे. वाटेत एखादं बूच वर आलेलं दिसलं, तर यंत्राचा डोळा ती कुपी बाजूला ढकलतो. ते बूच पुन्हा दाबून चालत नाही, कारण मधल्या वेळात आत काय गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

टोपी वळवणं हेही मापाचं काम. सैल वळली तर रबर पुरेसं दाबलं जात नाही आणि टोपी बोटाने फिरते, जशी मी त्या दवाखान्यात पाहिली. फार आवळली तर टोपीला सुरकुत्या पडतात, काचेच्या गळ्याला तडा जातो. वर जी रंगीत प्लास्टिकची चकती असते, ती अंगठ्याने उडवली की परत बसत नाही. ही कुपी कुणीतरी आधी उघडली होती, याचा तो पुरावा.

मग तपासणी. काही कुप्या रंगीत पाण्यात बुडवून दाब कमीजास्त करतात आणि रंग आत झिरपतो का ते बघतात. काही बंद पेटीत ठेवून दाब बदलतो का ते मोजतात. अलीकडे कुपी न उघडता लेसरचा किरण बुचाखालच्या रिकाम्या जागेतून सोडून तिथे किती प्राणवायू, किती ओल आहे ते मोजता येतं. पातळ औषधाच्या कुप्यांची गळती शोधायला विजेचा उच्च दाब वापरतात, पण कोरड्या पुडीला ती पद्धत लागू पडत नाही, कारण पूड वीज वाहून नेत नाही. आणि या सगळ्यानंतरही काळा-पांढरा पडदा आहेच. काकूंचं काम अजून गेलेलं नाही. कुठे ते आता कॅमेरा करतो, कुठे अजूनही माणसाचा डोळा करतो.

काचेची कुपी, आगीचं बूच

रबरी बुचांच्या आधी, आणि आजही काही लसींसाठी, अॅम्प्यूल वापरतात. तिला बूचच नसतं. काचेचा गळा ज्योतीवर वितळवून बंद करतात. आत पोकळी असेल तर जुने तंत्रज्ञ विजेची ठिणगी पाडणारं एक साधन काचेजवळ धरत. आत निळसर-जांभळा उजेड चमकला, की पोकळी शाबूत. नाही चमकला, तर कुठेतरी बारीक छिद्र आहे.

अशा अॅम्प्यूलने जगाचा एक रोग घालवला आहे. देवीची पातळ लस उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निकामी व्हायची. लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या लेस्ली कोलिअर यांनी १९५० च्या दशकात ती गोठवून वाळवण्याची खात्रीची रीत बसवली. ती लस ३७ अंशांतही महिनाभर टिकत असे. आपल्याकडे देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ ला सुरू झाली. पुढे ही कोरडी लस भारतातही होऊ लागली. ती करणाऱ्या चार संस्थांतली एक आपल्या बेळगावची. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० ला जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्या दंडावर देवीच्या टोचणीचा वण आहे, माझ्या मुलांच्या दंडावर नाही.

बीसीजीची अॅम्प्यूल फोडताना सिस्टर तिच्याभोवती प्लास्टिक किंवा कापड गुंडाळते, ते पाहिलं असेल. आत पोकळी असते. गळा तुटताच हवा जोराने आत घुसते आणि हलकी पूड उडून जाऊ शकते, म्हणून ही काळजी.

एक बाटली, एकोणीस माणसं

नायगावातून भोईवाड्याच्या रस्त्याने निघून केईएमवरून पुढे चालत गेलं, की हाफकिन संस्था लागते. गव्हर्नरचा जुना बंगला. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ इथे आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक टोचून घ्यायला घाबरत होते. तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी माझगावची आपली वास्तूही दिली. १८९९ साली प्रयोगशाळा परळला आली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी एकशे सात जणांना परळहून गेलेली लस टोचली गेली. ती कोरडी नव्हे, पातळ लस. पाच बाटल्या उघडल्या होत्या. त्यातल्या एका बाटलीतली लस ज्या एकोणीस जणांना मिळाली, ते सगळे धनुर्वाताने गेले. चौकशी समितीने दोष परळवर ठेवला. बाटली भरतानाच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिनना काम सोडावं लागलं.

पण एक तपशील मागे पडला होता. मुल्कोवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरता निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत बरेच दिवस वाढले असते, तर उघडताच घाण वास यायला हवा होता, तो आला नव्हता. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. त्यांच्यावरचा ठपका गेला, पण आयुष्यातली पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं.

त्या एकोणीस जणांची नावं मात्र आपल्याला तोंडपाठ नाहीत. आणि सगळा वाद होता तो एवढाच: घाण बूच बसण्याआधी गेली की बूच काढताना? बूच हे औषधाचं दार आहे, तसं ते दोन माणसांच्या जबाबदारीमधली हद्दही आहे. बसवेपर्यंत कारखान्याची, काढल्यापासून दवाखान्याची. हद्दीची खूण पक्की नसेल, तर दोष निर्दोष माणसाच्या माथी बसू शकतो.

दुसरं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे होते. तेव्हा वापरून झालेल्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी बारामतीत पकडली गेली. ज्यांनी दागिने विकून ती कुपी घेतली, त्यांना काय माहीत की टोपी मूळची आहे की पुन्हा चिकटवलेली? म्हणून वापरलेली कुपी तशीच कुणाच्या हाती लागू देऊ नये आणि चकती आधीच निघालेली, टोपी सैल असलेली कुपी घेऊ नये. वडी चिकट, आक्रसलेली किंवा ओलसर दिसली तर डॉक्टरांना, औषधवाल्याला दाखवावी. विचारायला संकोच कशाचा?

आपण मराठीत 'अनामत' म्हणतो, तो मूळचा अरबी 'अमानत'. दुसऱ्याची वस्तू त्याच्यासाठी सांभाळून ठेवणं आणि जशीच्या तशी परत देणं, हा त्याचा अर्थ. घरात अब्बा हा शब्द फार जपून वापरायचे. कुपीवरचं बूच मला तसं वाटतं. ते बसवणाऱ्याला ठाऊक नसतं, की ही कुपी राजापूरच्या कुठल्या कपाटात पडून राहील आणि कुठल्या रात्री कुणासाठी उघडली जाईल. उघडणाऱ्यालाही बसवणारा ठाऊक नसतो. दोघांमध्ये विश्वास ठेवायला त्या रबराच्या तुकड्याखेरीज दुसरं काही नाही.

काकू आता नाहीत. नायगावच्या चाळीही एकेक करून पाडल्या जात आहेत, तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. चाचा मात्र ऐंशी ओलांडूनही काठी टेकत बांधावर जातात. मी गावी गेलो की मांडणीवरच्या डब्यांची झाकणं नकळत दाबून बघतो. चाची हसते. म्हणते, "मुंबईहून हेच शिकून आलास काय रे?"

हो, हेच शिकून आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)